खंडेनवमीला पुजलेली एक्केचाळीस पानं

संत तुकाराम नगर, पिंपरी
शुक्रवार, दसऱ्यानंतरचा

तीर्थरूप कुसुमताईस, धाकट्या उद्धवचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

ताई, हे पत्र तुला आहे, आणि तुझ्यामार्फत अशा प्रत्येकाला आहे ज्याने गुडघे टेकून फरशी पुसली आणि ती वाळायच्या आत कुणीतरी चपलांसकट तिच्यावरून चालत गेलं. आपली तक्रार एकच आहे. केलेलं काम डोळ्यांदेखत नाहीसं होतं, आणि वर ज्याने केलं त्यालाच विचारतात, की बाबा, तू ते सांभाळून का ठेवलं नाहीस? हा प्रश्न मला गेल्या तीन दिवसांत अकरा जणांनी विचारला. अकरावा तर आपला गॅसचा सिलिंडर आणणारा होता. पण मी रडगाणं गायला बसलेलो नाही. मी जिंकलो आहे, ताई. ते कसं हे सविस्तर सांगतो. तू ओट्यावरचं आवरून बैस, चष्मा लाव आणि मोठ्याने वाच. दाजी पलीकडे पेपर वाचायचं सोंग करत बसले असतील. त्यांच्या कानावर गेलं तर माझी हरकत नाही. (फक्त शेवटचे ताजा कलम मनात वाच.)

तुझे गुडघे कसे आहेत? महाळुंग्यात रस्त्यावर कंटेनर वाढल्यापासून तू देवळापर्यंत जाणंही सोडलंस असं कळलं. इकडे सगळं ठीक. तुझी भावजय अजून नाशिकलाच आहे. करिष्माची मुलगी सव्वा महिन्याची झाली, आणि तिचा आवाज फोनवर ऐकून मला खात्री पटली की आपल्या घराण्यात पुन्हा एक वक्ता जन्माला आला आहे.

आता मूळ गोष्ट. आपल्या सोसायटीच्या तळमजल्यावर कामगार वाचनालयाची खोली आहे. सहा कपाटं, दोन बाकडी, एक पंखा आणि दाजींनी भंगारातल्या लोखंडी अँगलचं बनवलेलं वर्तमानपत्राचं स्टँड. सत्तावीस वर्षं ती खोली मी चालवतो. (सकाळी कुलूप उघडणं आणि संध्याकाळी लावणं याला चालवणं म्हणतात का, असं तू एकदा विचारलं होतंस. हो, म्हणतात.) तर सोसायटीचे सेक्रेटरी भिमाजी यांना गणपतीत साक्षात्कार झाला, की हल्ली प्रत्येकाच्या घरी दिवसाला दोन पार्सलं येतात, वॉचमनच्या केबिनमध्ये ती मावत नाहीत, तेव्हा वाचनालय हटवून तिथे पार्सल रूम करावी. पुस्तकं कुणाला हवी असतील तर घेऊन जावीत, नाहीतर रद्दी. रद्दी! हा शब्द त्यांनी नोटीस बोर्डावर लिहिला, ताई, खाली गोल शिक्का मारून. निर्णय दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी दहाला, सर्वसाधारण सभेत. गुरुवार एवढ्यासाठी, की त्या दिवशी निम्म्या कंपन्यांना सुट्टी आणि माणसं घरी.

तुला माहीत आहे, मी ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीत एकोणीस वर्षं युनियनचा सरचिटणीस होतो. गेटवर उन्हात उभं राहून बोललो आहे, भोंग्यावर मात करून बोललो आहे. आणि वाटाघाटींच्या टेबलावर मी एकच तत्त्व पाळलं. व्यवस्थापनाने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला उत्तर नेहमी 'नाही'. प्रश्न कळला असो वा नसो. आधी नाही म्हणायचं, मग खुर्ची पुढे ओढायची आणि मग विचारायचं, काय म्हणालात? या तत्त्वावर आम्ही तीन करार पदरात पाडून घेतले. तेव्हा भिमाजींच्या नोटिशीखाली मी त्याच दिवशी लाल पेनने 'नाही' लिहिलं आणि निवेदन लिहायला बसलो.

निवेदन करिष्माच्या जुन्या लॅपटॉपवर लिहिलं. दोन्ही हातांचं एकेक बोट, आणि मोठ्याने म्हणत म्हणत. जे वाक्य तोंडात बसत नाही ते कागदावरही बसत नाही, असं माझं मत आहे. म्हणून प्रत्येक वाक्य मी आधी गॅलरीत उभा राहून म्हणायचो, मग आत येऊन टाइप करायचो, मग पुन्हा गॅलरीत जाऊन तपासायचो. पंधरा दिवसांत एक्केचाळीस पानं झाली. छपाईचा शोध, इंग्लंडातल्या खाणकामगारांची वाचनगृहं, आठ तासांच्या दिवसासाठीचा लढा (आठ तास काम, आठ तास झोप, आणि उरलेले आठ तास माणसाने काय पार्सलं मोजत बसायचं?), असं करत करत मी छत्तिसाव्या पानावर आपल्या सोसायटीच्या गेटपाशी पोचलो होतो.

आता दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो, कारण करिष्मा तुला सांगणारच आहे. पहिली, मी लॅपटॉप पंधरा दिवसांत एकदाही बंद केला नाही. आमच्या फोर्ज शॉपमधली भट्टी वर्षातून एकदा विझायची. चालू काम थंड होऊ द्यायचं नाही ही आमची शिकवण. झाकण मिटायचं, उघडायचं, पान समोर असायचंच. जे रोज समोर दिसतं ते आणखी वेगळं कुठे ठेवायचं? तू घरातली भिंत रोज रात्री कपाटात ठेवतेस का? दुसरी, ते यंत्र दर दहा मिनिटांनी माझ्या लिखाणाची गुपचूप नक्कल काढून ठेवतं, असं मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मला न विचारता! कंपनीत माझ्यामागे असा एक माणूस लावला होता, तो माझी भाषणं सिगारेटच्या पाकिटावर उतरवून मॅनेजरला द्यायचा. मी तत्काळ सेटिंगमध्ये गेलो, दोन तास शोधलं, आणि ती हेरगिरी बंद करून टाकली. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

भावजय नाही म्हणून नवरात्रात मी दाजींना बोलावून घेतलं, हे तुला ठाऊकच आहे. दाजी (आमच्या नगरात सगळ्यांचे मालोजीराव) म्हणजे सोन्यासारखा सोबती. चौतीस वर्षं चाकणच्या प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सला काढलेला माणूस, गरजेपुरतं बोलणार. (आमच्या दोघांत मिळून बोलण्याची सरासरी बरोबर निघते.) अष्टमीला जेवताना मी त्यांना समजावून सांगितलं, की दाजी, काळ बदलला, आज कामगाराचं खरं हत्यार पाना नाही, हातोडी नाही, आज संगणक हेच त्याचं हत्यार! ताटावर मूठ आपटून सांगितलं. दाजींनी वरण वाढून घेतलं आणि म्हणाले, "व्हय, बराबर हाय."

मी बोललो आणि विसरलो. ऐकणारा विसरला नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दाजींनी सकाळी पाटावर लाल कापड घातलं, स्वतःची पिशवी रिती केली, पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, टेप, मग माझ्या घरातली विळी, अडकित्ता आणि शिलाई मशीनचं चाक, आणि मधोमध, मानाच्या जागी, लॅपटॉप. आता मेंटेनन्सचा माणूस चालू मशीनला फडकं लावत नाही. आधी मशीन बंद, प्लग बाहेर, मग सफाई, मग पूजा. चौतीस वर्षांत दाजींनी हा क्रम कधी मोडलेला नाही, म्हणून त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत. मी शिऱ्याचा रवा भाजून बाहेर आलो तर लॅपटॉप काळा, झाकणावर हळदीकुंकवाची पाच बोटं, वर झेंडूची माळ, समोर अर्धा नारळ.

मी म्हणालो, दाजी, मला एक ओळ लिहायची होती. दाजी म्हणाले, "पूजंला बसल्यालं हत्यार उचलायचं न्हाई. उद्या." आणि मी, ज्याने विज्ञाननिष्ठेवर सतरा ठिकाणी व्याख्यानं दिली, तो गप्प बसलो. कारण तीस वर्षं मीही त्या दिवशी मशीनला हात लावलेला नाही. (व्याख्यान वेगळं आणि मशीन वेगळं.)

दसऱ्याच्या सकाळी दाजींनी उत्तरपूजा केली, अक्षता उचलल्या, प्लग लावला, आणि दोन्ही हातांनी लॅपटॉप मला दिला. मी चालू केला. पान पांढरं होतं. आपल्या आईने घातलेल्या धोतरासारखं पांढरं म्हणणार होतो, पण आई धोतरं धूत होती, घालत वडील होते. माझं डोकं त्या क्षणी किती ठिकाणावर होतं ते यावरून ओळख.

पुढचं मला लिहायला लाज वाटते, पण लढ्याचा इतिहास खरा लिहावा. मी दाजींना गॅलरीत बोलावलं आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात बोललो. पंधरा दिवसांची मेहनत! सत्तावीस वर्षांचं वाचनालय! आणि शेवटी एक शब्द बोललो. मी त्यांना 'मालकाचा माणूस' म्हणालो. कामगाराला याहून मोठी शिवी नाही हे मी जाणतो, कारण ती मी निवडून काढली होती. दाजी आत गेले, पाने, पक्कड एकेक करून पिशवीत भरली, विळी जागेवर ठेवली, आणि नऊच्या बसने निघून गेले. आपट्याचं पानही दिलं नाही, घेतलंही नाही.

मग मी करिष्माला फोन लावला. तिचा पहिला प्रश्न, "बाबा, सेव्ह केलं होतं का?" (हा पहिला नंबर. सिलिंडरवाला अकरावा.) मग एका खांद्यावर बाळ आणि दुसऱ्या कानाला फोन, अशी ती मला वाट दाखवत गेली. इकडे दाबा, तिकडे दाबा, 'रिकव्हर अनसेव्हड' असं काही दिसतंय का बघा. दिसलं! उघडलं! यादीत एक फाइल होती! मी ओरडलो, तिकडे बाळ दचकून रडायला लागलं. फाइल उघडली. मे महिन्यात पाण्याच्या टाकीच्या झाकणाबद्दल केलेला अर्ज निघाला, तोही अर्धा. करिष्माने विचारलं, "तुम्ही ऑटोसेव्ह बंद केलं होतं का?" मी म्हणालो, ती हेरगिरी होती. तिने आधी बाळाला शांत केलं, मग म्हणाली, "बाबा, आता ते कुठेच नाही. नव्याने लिहा."

नव्याने! एक्केचाळीस पानं! उद्या दहाला! ताई, मी गॅलरीत जाऊन कठड्याला धरून उभा राहिलो. पहिलं वाक्य आठवेना. खाली वाचनालयाच्या दाराला भिमाजींनी झेंडूचं तोरण लावलं होतं, आणि दारावर आधीच कागद चिकटवला होता, 'पार्सल रूम (नियोजित)'.

तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून तानाबाईंचा आवाज आला. तानाबाई म्हणजे बाजूच्या घरातल्या, वय सत्तरच्या पुढे, माहेर चाकणजवळच्याच खेड्यातलं, पंधरा दिवस रोज तांदूळ निवडत तिथेच बसलेल्या. म्हणाल्या, "भाऊ, ते 'ज्या इमारतीत पाचशे माणसं राहतात आणि एकही खोली गप्प बसायला न्हाई' तिथनं सुरू व्हतं ना?"

तिथूनच सुरू होत होतं!

मी कागद-पेन घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसलो. ताई, त्या बाईला सगळं पाठ होतं. रोज तीन-तीनदा ऐकलेलं, जात्यावरच्या ओवीसारखं बसलेलं. त्या तांदूळ निवडत सांगत होत्या आणि मी, एकोणीस वर्षांचा सरचिटणीस, शाळेत शुद्धलेखन घ्यावं तसा उतरवत होतो. मध्येच मी म्हणालो, अहो, इथे इंग्लंडातल्या खाणकामगारांची सहा पानं होती. म्हणाल्या, "ती मी सोडली. तिथं मला झोप लागायची." छपाईचा शोध? "ते तुमी तीनदा सांगितलं व्हतं, एकदाच घेतलं." आठ तासांचा लढा? "त्यो ठेवलाय. पर ल्हान केलाय." तांदळातले खडे उचलावेत तशी त्यांनी माझी वाक्यं उचलून बाजूला टाकली होती. एक्केचाळीस पानांची चार पानं झाली. मी वाद घातला. त्या म्हणाल्या, "मग तुमचं तुमीच आठवा." मी वाद मागे घेतला.

शेवटी त्यांनी एक वाक्य सांगितलं. 'या खोलीत मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझं नाव लिहायला शिकले.' मी पेन थांबवलं. म्हणालो, तानाबाई, हे मी लिहिलं नव्हतं.

"न्हाईच लिवलं तुमी. म्हणून तर सांगितलं."

सभा, गुरुवार, सकाळी दहा. भिमाजींनी घड्याळ टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, उद्धवराव, तुम्हाला पाच मिनिटं. लोक हसले. माझी पाच मिनिटं सगळ्या नगराला माहीत आहेत. मी उभा राहिलो आणि चार पानं वाचली. दोनदा अडखळलो, दोन्ही वेळा मागून तानाबाईंनी पुढचा शब्द पुरवला. दुसऱ्यांदा तर पहिल्या मजल्यावरच्या दोघांनीही पुरवला, कारण माझी गॅलरी त्यांच्या डोक्यावरच आहे. माझं निवेदन गेले पंधरा दिवस निम्म्या इमारतीत आधीच साठवलेलं होतं, ताई, आणि मी ते एका डबड्यात शोधत होतो!

शेवटचं वाक्य मी वाचलं नाही. ते माझं नव्हतं. मी तानाबाईंना उभं केलं. त्या पदर सावरून म्हणाल्या, "या खोलीत मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी माझं नाव लिहायला शिकले. गुरुवारच्या सुट्टीला मालोजीराव यायचे कपाटं जोडायला. त्यांनी पत्र्याच्या तुकड्यावर खडूनं गिरवून घेतलं. कुणाला सांगितलं न्हाई. मीबी न्हाई, त्यांनीबी न्हाई." आणि मग त्या टेबलापाशी गेल्या, हजेरीच्या वहीत त्यांच्या नावापुढे सकाळी कुणीतरी अंगठ्यासाठी शाईचा पॅड ठेवला होता तो सरकवला, आणि पेन घेतलं. ता ला वेळ लागला. ना ला लागला. भिमाजी घड्याळ हातात घेऊन उभे होते, पण कुणीच हललं नाही, अगदी पार्सलवाला दारात येऊन उभा राहिला होता तोसुद्धा. बा ई झाल्यावर त्यांनी वर रेघ ओढली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ.

हात वर झाले. खोली राहावी म्हणून एकसष्ट, जावी म्हणून अठरा. पार्सलांसाठी जिन्याखालची जागा ठरली. सूचना भिमाजींचीच, त्यांचं श्रेय मी मान्य करतो. दारावरचा 'नियोजित' कागद मी स्वतःच्या हाताने काढला, घडी घातली, आणि वाचनालयाच्या दप्तरी नोंदवून ठेवला. साडेचार मिनिटांत जिंकलेली माझ्या आयुष्यातली ही पहिली सभा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं लक्ष मात्र दाजींनी बनवलेल्या त्या स्टँडकडे होतं, कारण पन्नास माणसांनी आदल्याच दिवशी माझा आवाज गॅलरीतून ऐकला होता, आणि त्या पन्नासांना आता कळलं होतं की मी 'मालकाचा माणूस' कुणाला म्हणालो.

तर असा विजय. नाशिकहून तुझी भावजय आल्यावर सगळे मिळून येतोच. गुडघ्यांना तीळ-तेल लावत जा.

तुझा धाकटा,
उद्धव

ताजा कलम (मनात वाच) – खंडेनवमीला मी रवा भाजत होतो तेव्हा बाहेरून दाजींनी हाक मारली होती. "उद्धवराव, बंद करताना ह्ये कायतरी इचारतंय. इंग्रजीत हाय. व्हय म्हणू का न्हाई?" मी परातीत रवा ओतता ओतता, काय विचारतंय हे न विचारता, सवयीने ओरडलो, "नाही म्हणा!" ते यंत्र विचारत होतं, की हे लिहिलेलं ठेवू का? हे मला गॅलरीत उभं राहून दाजींवर ओरडतानाच आठवलं होतं. पण तोवर 'मालकाचा माणूस' तोंडातून निघालेला होता, आणि चालू भाषण मी कधी मागे घेतलेलं नाही. दाजींना हे पहिल्यापासून माहीत आहे. भरल्या गॅलरीत त्यांनी एका शब्दानेही सांगितलं नाही.

ताजा कलम दुसरं – हे पत्र त्याच लॅपटॉपवर लिहिलं. आता बंद करताना पुन्हा तोच प्रश्न आला आहे. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच प्रश्नाला 'हो' म्हणतो आहे.

ताजा कलम तिसरं – ताई, आता मनात नको, मोठ्याने वाच. पार मोठ्याने, गेटवर वाचल्यासारखं. दाजी, मी चुकलो. खंडेनवमीचा मान तुमचा होता आणि गुन्हा माझा. सभेच्या दिवशी गर्दीत वाचनालयाच्या दाराची वरची बिजागरी निखळली आहे, दार लागत नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिलेला नाही. तुमच्या वाट्याचं आपट्याचं पान मी स्टँडवर ठेवलं आहे. पुढच्या रविवारी सकाळी नऊला तुमचा स्क्रू ड्रायव्हर घेऊन या आणि ते दार बसवा.